सरू, तुझी शाई खरी होती का?

सरू, पोरीचा पाय जागच्या जागी असताना मी तिचे पैंजण वाटून टाकले होते. तुला हे ठाऊकच आहे, परत आणले ते तूच. पण वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, आणि तुझ्यावर काही लिहायचं म्हटलं की सुरुवात माझ्या अकलेपासूनच करावी लागते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "तिथून सुरू केलंस तर लय लवकर संपंल की गं."

तेव्हा आपण दोघी परभणीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात रेकॉर्ड रूमला होतो. पेशंट घरी गेला की त्याचा केसपेपर आपल्या टेबलावर यायचा. डॉक्टरांनी जो आजार लिहिलाय त्याला पुस्तकातला आकडा लावायचा, एवढंच आपलं काम. आधी एक अक्षर, मग आकडे. ताप, मोडलेला हात, विंचू, बाळंतपण, सगळ्याला आकडा. नवीन पुस्तकं आली त्या वर्षी साहेबांनी मला औरंगाबादला ट्रेनिंगला पाठवलं, तुला नाही. मी परत आले ती नाक वर करूनच. काय एकेक थेरं होती माझी! शेजारीण खोकली की मी म्हणायची जे-वीस. गल्लीत कुणाला कुत्रं चावलं की डब्ल्यू-चोपन्न. सासूबाई गुडघा धरून उठायला लागल्या की म्हणायची, "एम-सतरा उठली." म्हाताऱ्या गुडघ्याच्या झिजेचा तो आकडा. सासूबाई ह्यांना विचारायच्या, "ही मला कामून शिव्या द्यायलीय रे?"

तू मात्र माझ्या ट्रेनिंगला कधी भुलली नाहीस. आपलं पहिलं मोठं भांडण पायाच्या हाडावरून झालं, आठवतंय? कुणाच्या तरी पायात, बोटाच्या मागच्या हाडात, साधी गाठ निघाली होती. मी म्हटलं, हे हाड लांब जातीचं, शरीराच्या पुस्तकात तसंच दिलंय, म्हणून आकडा लांब हाडांचा. तू म्हणालीस, आकड्याच्या पुस्तकात पायाची सगळी हाडं आखूड हाडांत धरलीत, म्हणून डी सोळा पॉइंट तीन.

"अगं पण हाड लांब आहे ना?"

"हाड कसंबी असू दे. पुस्तक म्हणतंय आखूड, तर आखूड."

"आणि उद्या पुस्तकात लिहिलं की पूर्णा उलटी वाहते, तर?"

"तर आमच्या ह्यांला येलदरीला कळवीन. मशीन फिरवून लावा म्हणून."

भाऊजी तेव्हा पूर्णेवरच्या येलदरी धरणाच्या पॉवर हाऊसवर होते. ते भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. बरोबर तूच होतीस. पण आज कबूल केलं तर तू वर बसून पेढे वाटशील, म्हणून अजूनही म्हणते: हाड लांबच आहे.

तुझी एक शिस्त होती, ती मात्र मला मान्य होती. गाठीचा केसपेपर आला की आकडा आधी पेन्सिलीनं. गाठीचा तुकडा नांदेडला तपासायला जायचा आणि तिकडून रिपोर्ट यायचा. तो डोळ्यांनी वाचल्यावरच तू पेन्सिल खोडायचीस आणि शाईनं लिहायचीस. कुणी घाई केली, साहेबांनी केली तरी, तू म्हणायचीस, "शाई म्हंजी जबान हाय." दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं: सरूबाईंची पेन्सिल म्हणजे थांबा, सरूबाईंची शाई म्हणजे झालं.

आणि मग आमच्या कल्पीच्या पायात गाठ निघाली.

पोरगी खो-खो खेळताना लंगडायला लागली. मला वाटलं, अभ्यास टाळायलीय. फोटो काढला तर डाव्या पायाच्या अंगठ्यामागच्या हाडात पोकळी. ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं. डॉक्टर हसून म्हणाले, "साधंच दिसतंय." दिसतंय! आहे म्हणाले नाहीत. मी तो शब्द पदरात बांधून घरी आणला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी जिलबी आणली. लग्नात खाल्ली त्यानंतर ह्या माणसानं घरात जिलबी आणली नव्हती. दवाखान्यातल्या सिस्टरनं कल्पीला खिडकीजवळचा पलंग दिला होता, तोही मला खुपला. चांगला पलंग कुणाला देतात, ते काय मला ठाऊक नव्हतं? सासूबाई तर माझ्याशी गोड बोलायला लागल्या. तेव्हा मात्र माझी खात्रीच पटली.

तुला कळत होतं माझं काय चाललंय. आपल्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी येऊन किती नातेवाईक हात जोडायचे: ताई, पेशंटला सांगू नका, आईला सांगू नका, बायकोला तर मुळीच सांगू नका. बाईपासून आजार लपवायचा, ही आपल्याकडची माया. मग माझ्यापासून का नाही लपवणार? डॉक्टर लपवतील, हे लपवतील, सासू लपवील. आकडा तेवढा लपवणार नाही, असं माझं गणित. कारण आकडा कुणाची समजूत काढायला लिहिलेला नसतो.

घरच्या माणसाच्या कागदाला आपण हात लावायचा नाही, हा नियम. म्हणून कल्पीचा केसपेपर तुझ्या ट्रेमध्ये गेला. तू डबा धुवायला गेलीस आणि मी ट्रेमध्ये हात घातला. पेन्सिलीनं लिहिलं होतं: डी अठ्ठेचाळीस.

आता, ट्रेनिंग घेतलेल्या बाई, सांगा बरं ह्याचा अर्थ काय? सी म्हणजे कॅन्सर, तो नव्हता. डी सोळा म्हणजे हाडाची साधी गाठ, तोही नव्हता. डी अठ्ठेचाळीस म्हणजे गाठ पुढं कशी वागेल ते अजून ठाऊक नाही. रिपोर्ट यायचाय, तोवर जागा अडवून ठेवायची. मी स्वतः कितीकांच्या कागदावर तो आकडा लिहिला होता आणि वरून चहा पिला होता. पण तोच आकडा कल्पीच्या नावासमोर दिसला आणि माझं सगळं ट्रेनिंग औरंगाबादला परत गेलं. मला त्यात एकच दिसलं: सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी सांगत नाही. पाय जाणार.

रविवारी चारठाण्याहून नणंद आली, तिची पोरगी मंगल बरोबर. ऑपरेशनच्या वेळी काढून ठेवलेले कल्पीचे पैंजण मी कपाटातून काढले आणि मंगलच्या हातात ठेवले. म्हटलं, "घे बाई, तुला तरी होतील." बघ ना, "तरी" म्हणाले मी. कल्पी समोर पलंगावर होती. तिनं पायावरची चादर तेवढी वर ओढून घेतली.

आज मी इतकी म्हातारी झाले, पण त्या वेळची ती शकुंतला डोळ्यापुढं आली की वाटतं, धरून दोन थोबाडीत द्याव्यात. नाटकी मेली. पोर तिथं जिवंत बसलेली, आणि ही तिच्या पायाचं वाटप करायलीय.

दोन-तीन दिवसांनी तू कल्पीला बघायला आलीस. तिच्याकडूनच तुला कळलं. तू मला मोरीपाशी ओढत नेलंस.

"पैंजण कुठं हायेत?"

"दिले."

"कामून?"

"डी अठ्ठेचाळीस लिवलंस की तू."

"माझा ट्रे बघितलास?"

"बघितला."

"पेन्सिल हाय ती, शकू!"

"पेन्सिल असो का कोळसा असो. ठाऊक न्हाई म्हणजे काय ते मला ठाऊक आहे."

"डाक्टरनं सांगितलं ना, साधं हाय म्हणून?"

"दिसतंय म्हणाले."

तू विचारलंस, "तुला माणसाचं बोलणं पटतच न्हाई का गं?"

मी म्हटलं, "न्हाई."

दुसऱ्या दिवशी तू मला तुझ्या टेबलाशी बोलावलंस आणि कल्पीचा केसपेपर माझ्यापुढं सरकवलास. पेन्सिल खोडलेली. वर तुझं ते सरळ उभं अक्षर, निळ्या शाईत: डी सोळा पॉइंट तीन. तू एवढंच म्हणालीस, "आखूड हाडं. भांडू नको आता."

मी भांडले नाही. तिथंच खुर्चीवर बसले आणि डोक्यावरून पदर घेऊन रडले. तू फायली लावत राहिलीस. त्या दिवशी घरी जाऊन मी उरलेली शिळी जिलबी खाल्ली, सासूबाईंशी भांडले, ढाराढूर झोपले. सगळं पहिल्यासारखं. पुढं तू एकटीच चारठाण्याला गेलीस आणि पैंजण परत घेऊन आलीस. दिलेली चीज माझ्या नणंदेकडून परत आणणं म्हणजे येलदरीचं पाणी तळहातावर आणणं. काय सांगितलंस तिला? मी किती खोदून विचारलं. "तुला काय करायचं?" एवढंच तुझं उत्तर. नणंद मात्र तेव्हापासून माझ्याकडं जरा कीव केल्यासारखी बघते. माझ्या डोक्यावर परिणाम झालाय असं काहीतरी तू तिला सांगितलं असणार, हा माझा संशय आजही कायम आहे.

एक पैंजण तू कल्पीच्या उजव्या पायात घातलास. दुसरा प्लास्टरवर बसेना, तो तिच्या मुठीत दिलास आणि म्हणालीस, "हा तुझ्यापाशी ठेव. आईपाशी देऊ नको."

इथं गोष्ट संपली असती तर तू देवमाणूस ठरली असतीस आणि मी बिनघोर म्हातारी झाले असते. पण मग डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. म्हणाले, "नांदेडचा रिपोर्ट आत्ताच आला. साधी गाठ. कूर्चेची. काळजी सोडा." ह्यांनी हात जोडले. मी मात्र विचारलं, "आत्ताच?"

"हो, आत्ताच्या टपालाच्या थैलीत."

मी तडक रेकॉर्ड रूममध्ये. तू शेंगा सोलत होतीस.

"सरू, रिपोर्ट आज आला."

"बरं झालं की."

"मग तुझी शाई आधी कशी?"

"मला फोनवर कळलं व्हतं."

"कुणाच्या फोनवर? आपल्या खोलीत फोनच न्हाई."

"साहेबांच्या."

"साहेब रजेवर होते."

तू एक शेंग माझ्यापुढं केलीस. "खा. पोरीचा पाय जागेवर हाय ना? मग?"

हे "मग?" तू पुढं उभा जन्म माझ्या तोंडावर मारलंस. दर संक्रांतीला मी तिळगूळ देताना म्हणायची, "तिळगूळ घे, खरं बोल." तू गोडच बोलायचीस. कल्पीच्या लग्नात अक्षता टाकताना तुझ्या कानाशी लागून विचारलं, तर म्हणालीस, "वाजंत्री ऐकू दे." रिटायर झालो त्या दिवशी, हारतुरे गळ्यात असताना, विचारलं. तू फोटोवाल्याकडं बघून हसलीस. तो फोटो आहे माझ्याकडं. तू हसतेस आणि मी पोलिसासारखी तुझ्याकडं बघतेय.

तुला वाटायचं, मी तुझी चूक पकडायला टपलेय. तसं नव्हतं गं. तू रिपोर्ट न बघता लिहिलं असशील, तर माझ्यासाठी तू तुझी जबान मोडली होतीस. तसं असेल तर मी तुझ्या पाया पडायला पाहिजे होतं. आणि पाया पडले असते तर मान्य करावं लागलं असतं की त्या दिवसांत मला लागलेली झोप खोट्या आकड्यावरची होती. आणि मग पुढं कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा? म्हणून मी नुसती विचारत राहिले आणि तू नुसती टाळत राहिलीस. उपकार झाले, हे म्हणायचं तेवढं राहूनच गेलं.

मग मागच्या उन्हाळ्यात मी बोरीला तुझ्याकडं आले. तू लय वाळली होतीस. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी उंबऱ्यातच विचारलं, "काय झालंय?"

तू म्हणालीस, "एम-सतरा."

माझ्या सासूबाईंचा आकडा! मला हसूच आलं. तूही हसलीस. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना टाळी देऊन बसलो. वर तू मला चुलीवरची भाकरी खाऊ घातलीस आणि स्वतः ताकावर भागवलंस. जाताना मी तुला तेल चोळायला सांगितलं, कोणतं तेल तेही सांगितलं. तू मान डोलावलीस, लहान पोरीसारखी.

आता सांगते, सरू, मी काय काय बघितलं होतं. गुडघा गेलेला माणूस उठताना हात टेकवतो. तू टेकवला नव्हतास. तू सरळ उठलीस, पण उठल्यावर पोटाशी हात धरलास. फळीवर गोळ्यांचा डबा होता, त्याच्यावर फडकं टाकलेलं होतं. गोळ्यांवर कुणी फडकं टाकतं का? भाऊजी माझ्या नजरेला नजर देत नव्हते आणि चहात साखर जास्त पडली होती. खिडकीजवळच्या पलंगावरून कॅन्सर ओळखणारी मी बाई, मला हे सगळं दिसलं. सगळं दिसलं आणि मी एका आकड्यावर झोपले. पुन्हा. एसटीत बसून परभणीपर्यंत मी नातीला फोनवर सांगत होते, "काही न्हाई गं, सरूआजीचे गुडघे." नात म्हणाली, "आजी, तुला शंका आली नाही? आश्चर्यच आहे." पोरीनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं आणि मी विषय बदलला.

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी आधी काय म्हणाले असेन? "गुडघ्यानं कुणी जातं का?"

परवा बोरीला जाऊन आले. कल्पी घेऊन गेली मला. जिंतूरला शाळेत दिवसभर फळ्यापुढं उभी असते ती त्याच पायावर. व्रण आहे, अंगठ्याच्या मागं, गव्हाच्या ओंबीएवढा. तुझ्या ओसरीत चप्पल काढताना तिचं तिकडं लक्ष गेलं आणि माझंही, आणि आम्ही दोघी दुसरीकडं बघायला लागलो. तुझ्या घरात माणसं भरलेली, पण भाऊजी स्वयंपाकघरात एकटेच. स्टोव्हवर चहा ठेवला होता आणि साखरेचा डबा शोधत होते. तू डबे कुठं ठेवायचीस ते ह्या माणसाला कधी कळलं होतं? मी डबा काढून दिला आणि पाटावर बसले.

म्हटलं, "भाऊजी, काय होतं तिला?"

ते म्हणाले, "पोटातलं. लिव्हरचं." आणि माझ्या डोक्यानं, मेल्या सवयीनं, लगेच आकडा लावला. सी बावीस. एवढा स्वच्छ आकडा, आणि मला तो कुणीच दिला नाही.

मला राग आला, सरू. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला ठाऊक नव्हतं. त्या रागातच मी भाऊजींना तो जुना प्रश्न विचारला, जो तुला विचारून विचारून माझी जीभ झिजली. "कल्पीच्या वेळी तिनं रिपोर्ट बघून लिहिलं होतं का?"

भाऊजींनी चहा गाळला. अर्धा कपात, अर्धा बशीत. म्हणाले, "न्हाई वैनी. आदी लिवलं. मग रिपोर्ट येईस्तोवर धड जेवली न्हाई. मला म्हणायची, उलटं आलं तर त्याच हातानं खोडावं लागंल. मी म्हणलं, मग लिवलंस कामून? तर म्हणली, त्या येडीला दुसरं काही वाचताच येत न्हाई."

मी बशी हातात धरून बसले. कल्पी दाराशी येऊन उभी राहिली होती, तिनंही ऐकलं. मग तू एवढी वर्षं का टाळलंस, ते मी विचारलं नाही. ते मला कळलं. तुझी शाई मला परत कधीतरी लागेल म्हणून तू ती माझ्या लेखी खरीच ठेवलीस. आणि लागली. मागच्या उन्हाळ्यात तूच ती वापरलीस, माझ्यावर, स्वतःसाठी: एम-सतरा.

तरी मी विचारलंच. संशयी माणूस प्रश्न अर्धा सोडत नाही. म्हटलं, "कल्पीच्या वेळचं समजलं. लेकरू होतं. पण ह्या वेळी? ह्या वेळी मला खरं का नाही सांगितलं तिनं? मी आले असते. राहिले असते तिच्यापाशी."

भाऊजी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलले:

"मी बी तिला तेच म्हणलं वैनी, शकूवैनीला खरं सांग. तर हसाया लागली. म्हणली, तिला सांगितलं तर माझा जीव जायच्या आदी ती माझी जोडवी वाटून टाकील."